विश्लेषण : हायब्रिड की टर्बो? अमेरिकेतील छोट्या पिकअपच्या ग्राहकांपुढे पेच काय?

अमेरिकी बाजारात आली तेव्हा सर्वांत स्वस्त नवा पिकअप ठरलेल्या फोर्ड मॅव्हरिकमध्ये ग्राहकाला सुरुवातीपासून दोन इंजिनांचा पर्याय मिळत आला आहे. एक २.५ लिटरचे पेट्रोल हायब्रिड आणि दुसरे २ लिटरचे टर्बो पेट्रोल. पहिले इंधन वाचवते, दुसरे जोर देते. एवढ्यावर ही निवड संपली असती तर फार विचार करण्याची गरज नव्हती. पण २०२१ ते २०२५ या काळात कंपनीने या दोन इंजिनांच्या किमतींची उलटापालट केली आणि हायब्रिडला पूर्वी न जमणारी कामेही तिच्या यादीत आणली. त्यामुळे २०२१ मध्ये बरोबर असलेले उत्तर २०२४ मध्ये तितके सोपे राहिले नाही आणि २०२५ मध्ये पुन्हा बदलले. ही गाडी भारतात मिळत नाही. मात्र अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे ही निवड येते, आणि ‘स्ट्राँग हायब्रिड’ घ्यावी की टर्बो, हा प्रश्न आता इथल्या एसयूव्ही खरेदीदारालाही पडतो. त्यामागचे तंत्र आणि हिशेब दोन्हीकडे एकच आहे.

अमेरिकेतील ‘छोटा’ पिकअप केवढा?

महाराष्ट्रात पिकअप म्हटले, की डोळ्यांपुढे येतो तो बाजार समितीच्या आवारात क्रेट रचून उभा असलेला बोलेरो पिकअप, नाहीतर त्याहून लहान ‘छोटा हत्ती’. (‘गाडीला पिकअप चांगला आहे’ असेही आपण म्हणतो. तो पिकअप वेगळा, पण पुढे त्याचाही संबंध येणार आहे.) अमेरिकेतील पिकअप ही बहुतेक वेळा घरची गाडी असते. चार दारे, पाच जणांची आसने आणि मागे उघडा हौदा. आठवडाभर कार्यालयात ये-जा आणि शनिवारी हौद्यात लाकडी फळ्या, खताची पोती किंवा मित्राचा जुना सोफा, असा तिचा दिनक्रम. मॅव्हरिकची लांबी सुमारे ५.०७ मीटर आहे. म्हणजे तिथे जिला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात, ती गाडी आपल्या इनोव्हा क्रिस्टापेक्षा फूटभर लांब आहे. हौदा मात्र साडेचार फुटांचाच. मोठ्या पिकअपसारखी वेगळी लोखंडी चासी तिला नाही. कारसारखी एकसंध बांधणी आहे.

अशा लहान पिकअपचा अमेरिकेत काही वर्षे दुष्काळ होता. त्याचे एक कारण चक्क कोंबडी आहे. १९६०च्या दशकात युरोपीय देशांनी अमेरिकी कोंबडीवर आयातकर वाढवला. उत्तरादाखल अमेरिकेने १९६४ पासून आयात मालवाहू वाहनांवर २५ टक्के कर लावला. तो आजही ‘चिकन टॅक्स’ या नावाने ओळखला जातो. त्यामुळे परदेशात बनलेले छोटे पिकअप तिथे स्वस्तात विकणे अवघड झाले. दुसरे कारण इंधन कार्यक्षमतेच्या नियमांचे. चाकांमधील लांबी-रुंदी जितकी जास्त, तितके मायलेजचे लक्ष्य सैल, अशी या नियमांची रचना आहे. साहजिकच गाडी मोठी करणे कंपन्यांना सोयीचे ठरले. फोर्डच्याच जुन्या, लहान रेंजरचे अमेरिकेतील उत्पादन डिसेंबर २०११ मध्ये थांबले. २०१९ मध्ये रेंजर परतली तेव्हा ती एक आकार वर गेली होती. ही रिकामी जागा जून २०२१ मध्ये मॅव्हरिकने भरली. तिची सुरुवातीची किंमत वाहतूक शुल्क वगळून १९ हजार ९९५ डॉलर होती. ती मेक्सिकोतील एर्मोसियो येथे बनते, त्यामुळे व्यापार करारानुसार तिला ‘चिकन टॅक्स’ लागू झाला नाही.

आश्चर्य किमतीपेक्षा वेगळ्याच गोष्टीचे होते. या किमतीत जे इंजिन मिळत होते ते हायब्रिड होते. टर्बो हवे असेल तर १ हजार ८५ डॉलर जास्त मोजायचे. हायब्रिड म्हणजे महागडा पर्याय, ही वाहन उद्योगाची रूढ मांडणी इथे उलटी झाली. मागणी एवढी आली, की २०२२च्या मॉडेलसाठी ग्राहकांच्या नव्या ऑर्डर घेणे कंपनीला त्या वर्षीच्या जानेवारीतच थांबवावे लागले.

हायब्रिड नेमके काय करते?

मॅव्हरिकमधील हायब्रिड चार्जिंगला लावावी लागत नाही. तिची बॅटरी फक्त १.१ किलोवॅट-तास क्षमतेची आहे. घरातला दीड टनी एसी तासभर चालवला तर साधारण एवढीच वीज लागते. इतक्या छोट्या बॅटरीने फरक कसा पडतो, हे समजण्यासाठी इंजिनाकडे पाहावे लागते.

हे २.५ लिटरचे इंजिन ‘अ‍ॅटकिन्सन’ पद्धतीने चालते. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर येऊ लागला, की हवा आत घेणारी झडप लवकर बंद होते आणि आतली सगळी हवा दाबली जाते. अ‍ॅटकिन्सन पद्धतीत ही झडप थोडी उशिरा बंद होते. त्यामुळे काही हवा परत बाहेर जाते. दाबली जाणारी हवा कमी, पण स्फोटानंतर तिला प्रसरण पावायला मिळणारी जागा पूर्ण. जळलेल्या प्रत्येक थेंबातून जास्त काम काढून घेतले जाते. याची किंमत म्हणजे असे इंजिन कमी फेऱ्यांवर मरगळलेले असते. सिग्नल सुटल्यावर लागणारा ‘पिकअप’ त्याच्याकडे नसतो.

ती उणीव विजेची मोटर भरून काढते. मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण ओढ देते. मॅव्हरिकमधील मोटर ९४ किलोवॅटची आहे आणि इंजिन व मोटर मिळून १९१ अश्वशक्ती मिळते. दोघांची सांगड ग्रहीय गिअरच्या एका संचाने घातली जाते. इंजिन, जनित्राचे काम करणारी एक मोटर आणि चाके फिरवणारी दुसरी मोटर असे तिघे त्याला जोडलेले असतात. नावात ‘ई-सीव्हीटी’ असले तरी स्कूटरसारखा पट्टा त्यात नाही. टोयोटाची पद्धतही मुळात हीच आहे. दोन्ही कंपन्यांनी २००४ मध्ये हायब्रिडच्या पेटंटबाबत परस्परांशी करारही केला होता.

उरलेली बचत ब्रेकमधून होते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की वेगातली ऊर्जा पॅडच्या उष्णतेत वाया जाते. हायब्रिडमध्ये मोटर उलटी चालून त्यातला बराच भाग बॅटरीत परत टाकते. पुढच्या सिग्नलला तीच वीज गाडी हलवते. म्हणूनच हायब्रिडला शहरातली कोंडी मानवते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मोजणीत फ्रंट-व्हील ड्राइव्ह मॅव्हरिक हायब्रिडने शहरात गॅलनला ४२ मैल आणि महामार्गावर ३३ मैल दिले. आपल्या भाषेत लिटरला सुमारे १७.९ आणि १४ किलोमीटर. ‘हायवेला ॲव्हरेज वाढते’ हा आपला नेहमीचा अनुभव इथे उलटतो. महामार्गावर ब्रेकच फारसा लागत नाही, मग परत मिळवायला काही उरत नाही.

थंडीत हा फायदा थोडा घटतो, हे शिकागो किंवा मिनेसोटात राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. केबिन गरम ठेवण्यासाठी लागणारी उष्णता इंजिनातूनच येते. त्यामुळे एरवी बंद राहिले असते तेव्हाही इंजिन चालू राहते.

आणि टर्बो?

टर्बोची कल्पना सोपी आहे. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूच्या झोताने एक छोटी चक्की फिरते, ती दुसरी चक्की फिरवते आणि ही दुसरी चक्की बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. २ लिटरचे इंजिन त्यामुळे ३ लिटरहून मोठ्या इंजिनासारखे काम करते. मॅव्हरिकमध्ये ते २५० अश्वशक्ती आणि ३७६ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. २०२५च्या मॉडेलपासून अश्वशक्ती २३८ झाली. सोबत ८ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. थांबलेल्या स्थितीतून ताशी ९६ किलोमीटरचा वेग गाठायला टर्बोला सहा सेकंदांच्या आसपास लागतात, हायब्रिडला आठच्या आसपास.

मात्र ‘छोटे इंजिन म्हणजे कमी पेट्रोल’ हे टर्बोबाबत तेव्हाच खरे असते, जेव्हा चालकाचा पाय हलका असतो. चक्की जोरात फिरू लागली, की इंजिन मोठ्या इंजिनासारखा जोर देते आणि मोठ्या इंजिनासारखेच पेट्रोलही पिते. फ्रंट-व्हील ड्राइव्ह टर्बो मॅव्हरिकचे अधिकृत आकडे शहरात २३ आणि महामार्गावर ३० मैल प्रतिगॅलन आहेत, म्हणजे लिटरला ९.८ आणि १२.८ किलोमीटर.

हायब्रिड आणि टर्बो एकत्र नांदत नाहीत, असा निसर्गनियम नाही. फोर्डच्याच एफ-१५० या मोठ्या पिकअपमध्ये ३.५ लिटरचे टर्बो व्ही-६ इंजिन आणि हायब्रिड मोटर एकत्र आहेत. पण त्या गाडीची किंमतही तशीच आहे. छोट्या पिकअपमध्ये ‘की’ हा शब्द तंत्रज्ञानाने नव्हे, खिशाने आणला आहे.

पैशांचा हिशेब कुठे फिरतो?

२०२२च्या मॉडेलमध्ये हिशेब करण्यासारखे काही नव्हतेच. हायब्रिड घेतानाही स्वस्त आणि चालवतानाही स्वस्त होती. २०२४च्या मॉडेलमध्ये कंपनीने पाट्या बदलल्या. टर्बो पायाभूत किमतीत आले आणि हायब्रिडसाठी दीड हजार डॉलर अधिक मागितले गेले. इंजिन तेच, मायलेज तेच. बदलला तो फक्त भाव. हायब्रिडसाठी ग्राहक रांगा लावतात हे दिसल्यावर झालेली ही भाववाढ होती, असाच तिचा अर्थ लावावा लागतो.

हे दीड हजार डॉलर कधी वसूल होतात? अमेरिकेत वर्षाला १५ हजार मैल, म्हणजे सुमारे २४ हजार किलोमीटर, हा नेहमीचा हिशेबी आकडा आहे. पेट्रोल गॅलनला ३ डॉलर धरू. शहर आणि महामार्ग मिळून हायब्रिडचा अधिकृत आकडा ३७, तर टर्बोचा २६ मैल. वर्षाला सुमारे १७२ गॅलन, म्हणजे ६५० लिटर पेट्रोल वाचते. पैशांत ५१५ डॉलर. तीन वर्षांत वसुली. ‘हायब्रिड परवडते’ असे सांगताना विक्रेते हाच आकडा पुढे करतात आणि तो खोटा नाही.

फक्त तो कोणाचाच नाही. सरासरीवर गाडी कोणी चालवत नाही. न्यू जर्सीतील एका गावातून शेजारच्या गावात सिग्नल मोजत जाणाऱ्याची तीच १५ हजार मैलांची धाव शहरी आकड्यांवर पडते. तिथे ४२ विरुद्ध २३ असा सामना असतो. वर्षाची बचत २९५ गॅलन, सुमारे ८८५ डॉलर. दीड हजार डॉलर दोन वर्षांच्या आत निघाले. टेक्ससमध्ये डॅलस ते ह्युस्टन अशा सरळसोट रस्त्यावर आयुष्य काढणाऱ्यासाठी सामना ३३ विरुद्ध ३० चा आहे. त्याची वर्षाची बचत ४५ गॅलन, सुमारे १३६ डॉलर. वसुलीला ११ वर्षे लागतील. गाडी तीच, इंजिनेही तीच आणि वार्षिक धावही तीच; फक्त रस्ता बदलला. कॅलिफोर्नियात पेट्रोल देशाच्या सरासरीपेक्षा महाग असल्याने हे अंतर कमी होते, मिटत नाही.

म्हणून गाडी घेण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न ‘वर्षाला किती चालवता’ हा नसून ‘ब्रेक किती वेळा लावता’ हा आहे. दुकानात तो कोणी विचारत नाही.

देखभालीच्या बाबतीत हायब्रिडची भीती जितकी घातली जाते तितकी रास्त नाही. तिच्यात टर्बो नाही, पायऱ्यापायऱ्यांचा गिअरबॉक्स नाही आणि ब्रेक पॅड कमी झिजतात. बॅटरीसह हायब्रिडच्या खास भागांवर फोर्ड ८ वर्षे किंवा १ लाख मैलांची हमी देते. मात्र ती निर्दोष आहे असेही नाही. जुलै २०२२ मध्ये फोर्डने २.५ लिटर हायब्रिड इंजिनाच्या सुमारे १ लाख गाड्या परत बोलावल्या. इंजिनात बिघाड होऊन तेल आणि वाफ बाहेर पडल्यास आग लागण्याची शक्यता हे कारण होते. त्यात मॅव्हरिकही होती. जुनी गाडी घेणाऱ्याने हे काम झाले आहे का, ते चेसिस क्रमांकावरून तपासून घ्यावे.

घाट आणि ट्रेलर : टर्बोचा हक्काचा प्रांत?

हायब्रिडच्या बाजूने इतके सगळे असताना टर्बो कोणी घ्यावे? याचे उत्तर चढणीवर मिळते.

१.१ किलोवॅट-तासाची बॅटरी पूर्ण भरलेली आहे आणि तिच्यातली सगळी वीज चाकांपर्यंत पोहोचते, असे क्षणभर मानू. (प्रत्यक्षात बॅटरीचा काही भागच वापरला जातो.) माणसे आणि सामान धरून अडीच टनांची गाडी या विजेवर किती उंच चढेल? शाळेतले भौतिकशास्त्र सांगते, सुमारे १६० मीटर. मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर लावून एकूण भार साडेतीन टन झाला, तर सुमारे ११५ मीटर. आपला बोरघाट खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण ५०० मीटर चढतो. म्हणजे अशा घाटात बॅटरीची साथ पाव वाटेतच संपेल आणि उरलेली चढण एकट्या अ‍ॅटकिन्सन इंजिनाला ओढावी लागेल, ज्याचा स्वभाव मुळात मवाळ आहे. सलग ३० किलोवॅट मदत घेतली तर ही बॅटरी दोन मिनिटांत रिकामी होते. शहरातल्या उड्डाणपुलासाठी दोन मिनिटे पुष्कळ आहेत. कोलोरॅडोत डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेल्या आय-७० महामार्गावर नाहीत. तो रस्ता आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११ हजार फुटांवर जातो.

तिथे दुसरी अडचणही उभी राहते. उंचीवर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के जोर गमावते. डेन्व्हरच्या ५ हजार २८० फुटांवरच सुमारे १५ टक्के गेले. टर्बो हवा दाबूनच आत घेत असल्याने ही तूट बरीचशी भरून काढतो. डोंगराळ राज्यांत टर्बोचे चाहते जास्त असतील, तर तो केवळ जोराचा हव्यास नाही.

ट्रेलरचेही तसेच. सुरुवातीच्या हायब्रिड मॅव्हरिकची ओढण्याची क्षमता २ हजार पौंड, म्हणजे ९०७ किलो होती. छोटी होडी, दोन मोटारसायकली किंवा घर बदलताना भाड्याने मिळणारा लहान बंद ट्रेलर, इथवर ठीक. ऑल-व्हील ड्राइव्ह टर्बो आणि ‘४के टो’ पॅकेज घेतल्यास ही क्षमता ४ हजार पौंड, म्हणजे १ हजार ८१४ किलो होत असे. या पॅकेजमध्ये केवळ मागचा हूक येत नाही. जास्त थंडावा देणारी यंत्रणा आणि ट्रेलरच्या ब्रेकचे नियंत्रण त्यात असते. बाजारातून हूक आणून बसवला म्हणजे क्षमता दुप्पट झाली, असे होत नाही.

ऑल-व्हील ड्राइव्हचा मुद्दाही बराच काळ टर्बोच्याच पारड्यात होता. २०२२ ते २०२४च्या हायब्रिड मॅव्हरिकला फक्त पुढच्या चाकांना ओढ होती. बर्फाळ प्रदेशातील ग्राहकाला चारही चाकांची ओढ हवी असेल, तर त्याला मनात नसतानाही टर्बो घ्यावे लागे. खरे तर ही इंजिनाची निवडच नव्हती.

हौद्यातल्या वजनाबाबत मात्र दोघे जवळपास सारखेच आहेत. १ हजार ५०० पौंड, म्हणजे ६८० किलो. या आकड्यात चालक आणि प्रवासीही धरलेले असतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. ७५ किलोची पाच माणसे बसली, की हौद्यासाठी सुमारे ३०० किलो उरतात. सिमेंटची सहा पोती. बोलेरो पिकअप चालवणाऱ्याला यावर हसू येईल.

कोणी काय घ्यावे?

दर आठवड्याला ट्रेलर ओढणारा, डोंगरात राहणारा किंवा वर्षाचे बहुतेक मैल मोकळ्या महामार्गावर काढणारा ग्राहक टर्बोकडे गेला तर त्याचा हिशेब चुकलेला नाही. पण अमेरिकेत पिकअपची विक्री फार वेळा ‘लागला तर’ या शब्दांवर होते. लागला तर ट्रेलर, लागला तर घाट, लागला तर होडी. जी होडी अजून घेतलेलीच नाही, तिच्यासाठी रोजच्या कोंडीत लिटरला ८ किलोमीटर कमी ॲव्हरेज सोसणे हा महागडा विमा आहे. वर्षातून दोनदा ट्रेलर ओढायचा असेल, तर त्या दोन दिवसांसाठी मोठा पिकअप भाड्याने आणणे अमेरिकेत सहज शक्य आहे. बहुसंख्य ग्राहकांसाठी हायब्रिड हीच योग्य निवड आहे. ह्युंदाईच्या सँटा क्रूझ या मॅव्हरिकच्या थेट स्पर्धक पिकअपला टर्बोच्या जोरावर ५ हजार पौंड ओढता येतात, पण तिला हायब्रिड इंजिन मिळालेच नाही. विक्रीत ती मॅव्हरिकच्या कितीतरी मागे राहिली. मॅव्हरिकची २०२४ मधील अमेरिकेतील विक्री १ लाख ३० हजारांहून अधिक होती.

२०२५च्या मॉडेलने टर्बोचा प्रांत आणखी आक्रसला. हायब्रिडला ऑल-व्हील ड्राइव्ह मिळाला आणि त्यासोबत ४ हजार पौंड ओढण्याचे पॅकेजही. हायब्रिड पुन्हा पायाभूत इंजिन झाले. कागदावर टर्बोकडे आता वेगाशिवाय फारसे काही उरले नाही. चढणीवरचे भौतिकशास्त्र मात्र कागदावरच्या आकड्याने बदलत नाही. ४ हजार पौंड ओढू शकणे आणि ते ११ हजार फुटांपर्यंत दमछाक न होता ओढणे, यांत फरक आहे.

स्वस्त हायब्रिड टिकेल का?

इंजिनाच्या निवडीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. १९ हजार ९९५ डॉलरपासून निघालेली मॅव्हरिक २०२५च्या मॉडेलमध्ये २६ हजार डॉलरच्या पुढे गेली. एप्रिल २०२५ पासून अमेरिकेने आयात मोटारींवर २५ टक्के शुल्क लावले. मेक्सिकोतून करारानुसार येणाऱ्या गाड्यांना त्यात सवलत असली, तरी पूर्ण सूट नाही. मे महिन्यात फोर्डने मेक्सिकोत बनणाऱ्या आपल्या तीन गाड्यांच्या किमती वाढवल्या. मॅव्हरिक त्यांपैकी एक होती.

त्यानंतर जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संमत केलेल्या आणि अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने इंधन कार्यक्षमतेचे लक्ष्य चुकवणाऱ्या कंपन्यांचा दंड शून्यावर आणला. नियम पुस्तकात राहिला, पण तो मोडण्याला किंमत राहिली नाही. मोठ्या, जास्त पेट्रोल पिणाऱ्या पिकअपवर नफा जास्त असतो. छोटी हायब्रिड विकून कंपनीची सरासरी सावरायची, हे त्या धंद्याचे एक गणित होते. दंडच नसेल तर हे गणित मांडण्याची कंपनीला गरज उरत नाही. २०२४ मध्ये पाटी बदलून हायब्रिडचा भाव दीड हजार डॉलरने वाढवता येतो हे एकदा दिसले आहे. पुन्हा तसे करताना कंपनीला रोखणारे आता ग्राहकाच्या मागणीशिवाय काही नाही.

भारतातील खरेदीदारासाठी यात काय?

मॅव्हरिकचे अनावरण जून २०२१ मध्ये झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फोर्डने भारतातील वाहननिर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे ही गाडी इथे येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. पण मारुतीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर किंवा इनोव्हा हायक्रॉस यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्या याच ग्रहीय गिअरच्या तत्त्वावर चालतात, आणि त्यांच्या बरोबरीने दुकानात टर्बो पेट्रोल एसयूव्ही उभ्या असतात. इथे हायब्रिड पायाभूत किमतीत मिळत नाही. तिच्यासाठी काही लाख जास्त मोजावे लागतात. म्हणून वसुलीचा हिशेब अमेरिकेपेक्षा इथे अधिक काटेकोर हवा.

समजा, वर्षाची धाव १२ हजार किलोमीटर आहे आणि पेट्रोल मुंबईसारखे लिटरला शंभर रुपयांच्या घरात. हिंजवडी किंवा चाकणच्या कोंडीत टर्बोने १० आणि हायब्रिडने १८ चे ॲव्हरेज दिले, तर वर्षाला ५३३ लिटर, म्हणजे सुमारे ५३ हजार रुपये वाचतात. तीच धाव समृद्धी महामार्गावर झाली आणि ॲव्हरेज १४ विरुद्ध १६ असे जवळ आले, तर बचत १०७ लिटरची. पावणेअकरा हजार रुपये.